चर्चने राजकारण धरलं की राजकारणाने चर्च?

आपल्याकडे सेक्युलॅरिझमवरून वाद पेटला की कोणीतरी हमखास अमेरिका मध्ये आणतं. एक बाजू म्हणते, एवढा पुढारलेला देश, तरी प्रेसिडेंट बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, डॉलरवर देवाचं नाव छापलेलं असतं, मग आपल्यालाच काय एवढं वावडं. दुसरी बाजू म्हणते, छे, तिथे चर्च आणि सरकार यांच्यात भिंत आहे, घटनेतच लिहून ठेवलंय. दोघांनीही मूळ कागद बघितलेला नसतो. घटनेत प्रेसिडेंटची शपथ आहे ३५ शब्दांची, त्यात ना देव ना बायबल, उलट ज्याला शपथ घ्यायची नसेल त्याने नुसती प्रतिज्ञा करावी अशी सोय करून ठेवलीय (फ्रँकलिन पिअर्सने १८५३ मध्ये तेच केलं). जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सने १८२५ मध्ये कायद्याच्या पुस्तकावर शपथ घेतली, मॅकिन्लीचा खून झाल्यावर १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्टचा शपथविधी बफेलोत घाईघाईत उरकला तेव्हा बायबल नव्हतंच, आणि २०२५ च्या जानेवारीत मेलानियाबाई दोन बायबलं घेऊन शेजारी उभ्या होत्या तरी ट्रम्पने त्यावर हात ठेवलाच नाही. काही बिघडलं नाही, शपथ लागू झाली. आणि भिंत म्हणाल तर ती घटनेत कुठेच नाही, ती आहे प्रेसिडेंट जेफरसनच्या एका पत्रात. घटनेत एवढंच आहे की सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीप्रमाणे काँग्रेसने कुठलाही धर्म सरकारी करायचा नाही आणि कोणाच्या धर्मपालनात आडवं यायचं नाही.

तर एवढ्या कोरड्या घटनेच्या देशात निवडणूक आली की प्रत्येक उमेदवार देवाचं नाव घेतल्याशिवाय भाषण संपवत नाही, हे कसं झालं? नेहमीचं उत्तर असं की धर्माने तिथलं राजकारण ताब्यात घेतलंय. मला ते उलटं वाटतं. राजकारणाने धर्म वापरायला घेतला, पार्टीने चर्चला व्होट बँक बनवलं, आणि ह्या व्यवहारात सगळ्यात जास्त घाटा झाला तो चर्चचा. प्रेसिडेंट खरंच भाविक आहे का नाही ह्याच्याशी मतदाराला काही पडलेलं नसतं, तो आपल्या बाजूचा आहे का एवढंच बघितलं जातं.

आधी ते पत्र. १ जानेवारी १८०२ ला जेफरसनने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट ह्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना लिहिलं आणि त्यात चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आला. आता हे बाप्टिस्ट कोण? नास्तिक नव्हेत, चांगले कट्टर धार्मिक लोक. पण कनेक्टिकटमध्ये तेव्हा काँग्रिगेशनल चर्च हे राज्याचं अधिकृत चर्च होतं (ते थेट १८१८ पर्यंत राहिलं, मॅसॅच्युसेट्समध्ये तर १८३३ पर्यंत), त्यामुळे बाप्टिस्ट माणसाला दुसऱ्याच्या चर्चसाठी कर भरा, नाहीतर सूट मागायला सर्टिफिकेट जमा करा असा ताप होता. म्हणजे भिंत हवी होती ती भाविकांनाच, सरकार आपल्या देवळात शिरू नये म्हणून! त्याच्याही आधी १६३० च्या दशकात रॉजर विल्यम्स नावाच्या धर्मोपदेशकाला मॅसॅच्युसेट्समधून हाकलून दिलं होतं, त्याने ऱ्होड आयलंडला जाऊन वस्ती केली, त्याचंही म्हणणं हेच की चर्च ही बाग आहे आणि बाहेर रान आहे, मधलं कुंपण तुटलं तर रान बागेत घुसतं. घुसणारं रान म्हणजे सरकार, हे लक्षात घ्या. आणि ज्याने भिंतीची गोष्ट केली त्या जेफरसनला १८०० च्या निवडणुकीत हा नास्तिक आहे, ह्याला मत द्याल तर बायबलं लपवावी लागतील असल्या प्रचाराला तोंड द्यावं लागलं होतं, तरी तो निवडून आला, म्हणजे लोक तेव्हाही एवढे भोळे नव्हते.

सरकारने हात काढून घेतला त्याचा परिणाम मात्र कोणाला वाटला नव्हता असा झाला. सरकारी पगार नाही म्हटल्यावर प्रत्येक पाद्र्याला आपले भक्त आपणच गोळा करावे लागले, तंबू ठोकून प्रवचनं, गावोगाव फिरणारे प्रचारक, रोज नवा पंथ. युरोपात सरकारी चर्चं हळूहळू ओस पडली आणि इथे भरत गेली. आता जिथे दर रविवारी एवढी माणसं एका छपराखाली बसतात, एका माणसाचं ऐकतात, तिथे पुढाऱ्याची नजर जाणार नाही असं होईल का? आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाच्या मांडवात नगरसेवकाचा फ्लेक्स का लागतो तेच कारण.

बरं, जे काय 'पूर्वापार' म्हणून दाखवलं जातं ना, त्यातलं बरंचसं आत्ता आत्ताचं आहे. नाण्यावर देवावर विश्वास असल्याचं वाक्य पहिल्यांदा आलं १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना. शाळेत मुलं झेंड्यासमोर जी प्रतिज्ञा म्हणतात तिच्यात देव घातला १९५४ मध्ये. ते नाण्यावरचं वाक्य देशाचं अधिकृत बोधवाक्य झालं १९५६ मध्ये आणि कागदी नोटेवर आलं १९५७ मध्ये. १९५४ पासूनचं हे सगळं प्रेसिडेंट आयझेनहॉवरच्या काळात, आणि तो स्वतः प्रेसिडेंट झाल्यावर, म्हणजे शपथ घेऊन दोनेक आठवडे झाल्यावर, १९५३ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेता झाला. वय वर्षं ६२! समोर सोव्हिएत युनियन होतं, तिकडे देव नाही म्हणून इकडे देव, एवढं साधं गणित. कम्युनिस्ट आणि आपल्यातला फरक नोटेवर छापून दाखवला. ह्यात श्रद्धा नव्हती असं मी म्हणत नाही, पण टायमिंग बघा.

मग येतो १९६०, आणि ह्या प्रकरणाजवळ थोडं थांबायला हवं, कारण तिथे एका उमेदवाराला धर्मावरून अक्षरशः आरोपीसारखं उभं राहावं लागलं. केनेडी कॅथलिक. त्याच्या आधी १९२८ मध्ये अल स्मिथ नावाचा कॅथलिक डेमोक्रॅट उभा राहून सपाटून आपटला होता, प्रचार असा की हा निवडून आला तर व्हाइट हाउसचा कारभार पोप चालवणार. ३२ वर्षांनी तेच. सप्टेंबर १९६० मध्ये वॉशिंग्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांची बैठक झाली, पुढे होते नॉर्मन व्हिन्सेंट पील, सकारात्मक विचारांवर पुस्तकं लिहून घराघरात पोचलेले, आणि त्यांनी जाहीर शंका काढली की कॅथलिक माणूस प्रेसिडेंट म्हणून रोमच्या दबावापासून मोकळा राहील का. आठवड्याच्या आतच, १२ सप्टेंबरला, केनेडी टेक्सासात ह्यूस्टनच्या पाद्र्यांच्या संघटनेपुढे जाऊन उभा राहिला, समोर बहुतेक सगळे विरोधातले, वर टीव्हीचे कॅमेरे. तो म्हणाला, मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे. चर्च आणि सरकार पूर्णपणे वेगळं असलेली अमेरिका मला हवी, असं सरळ सांगितलं. पुढे हेही की माझी सद्सद्विवेकबुद्धी आणि देशहित यात टक्कर होणार असेल तर मी राजीनामा देईन. आणि त्याच दिवशी तो अलामोला जाऊन आला होता, सॅन अँटोनियोतली ती छोटी गढी, जिथे टेक्सासचे लोक मेक्सिकोशी लढताना मेले, टेक्सासच्या माणसाचं काळीज तिथे अडकलेलं असतं, तर त्याने भाषणात तिथे मेलेल्यांमधली आयरिश आणि स्पॅनिश वळणाची नावं घेतली आणि म्हणाला यातले कॅथलिक किती होते कोणाला माहीत नाही, कारण तिथे धर्माची परीक्षा घेतली जात नव्हती. टेक्सासच्या पाद्र्यांना टेक्सासचंच औषध. निवडून आला तो देशभरातल्या मतांत लाखाच्या थोड्या वरच्या फरकाने.

आता गंमत बघा. २०१२ मध्ये रिक सँटोरम रिपब्लिकन तिकिटासाठी धडपडत होता, हाही कॅथलिक, आणि तो टीव्हीवर म्हणाला की केनेडीचं ते भाषण वाचून मला ओकारी येते. पन्नास-बावन्न वर्षांत कॅथलिक उमेदवार 'माझा धर्म माझ्या कामात येणार नाही' वरून 'आला नाही तर मी कसला माणूस' इथे आला, आणि त्याचं तिकीट मागणारे, त्याला टाळ्या देणारे कोण, तर ज्यांच्या बापजाद्यांनी पोपच्या नावाने खडे फोडले तेच इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द अंतिम मानणारे कट्टर प्रोटेस्टंट). धर्मशास्त्रात काही बदललं होतं का? नाही. कॅथलिक आणि बाप्टिस्ट ह्यांचे मेरीबद्दल, पोपबद्दल, बाप्तिस्म्याबद्दल जे मतभेद होते ते आहे तिथेच आहेत. बदललं ते राजकारण, दोघांचा शत्रू एक झाला.

तो कसा झाला? इथे खरी मेख आहे. सर्वसाधारण समजूत अशी की १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेड निकालात गर्भपाताचा हक्क दिला, भाविक खवळले आणि राजकारणात उतरले. ऐकायला सरळ वाटतं, पण १९७१ मध्ये, म्हणजे निकालाच्या दोन वर्षं आधी, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ह्या देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने स्वतःच ठराव केला होता की बलात्कार, गर्भात गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला परवानगी देणारे कायदे व्हावेत. तेव्हा गर्भपात हा कॅथलिकांचा विषय समजला जायचा. इव्हँजेलिकल नेत्यांचं डोकं खरं फिरलं ते टॅक्सवरून. शाळांमधला वर्णभेद कोर्टाने संपवल्यावर दक्षिणेत गोऱ्यांनी खाजगी ख्रिश्चन शाळा काढल्या होत्या, आणि जिथे वर्णभेद चालतो तिथे करसवलत नाही असं टॅक्स खात्याने ठरवलं. साउथ कॅरोलायनातली बॉब जोन्स युनिव्हर्सिटी काळ्या विद्यार्थ्यांना १९७१ पर्यंत घेतच नव्हती, नंतर घेतलं तर गोऱ्या-काळ्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायचं नाही असा नियम (तो २००० पर्यंत होता, हो, २०००). १९७६ मध्ये तिची सवलत गेली. १९७८ मध्ये, कार्टरच्या कारकिर्दीत, टॅक्स खात्याने असल्या सगळ्याच शाळांसाठी कडक नियम आणायचा प्रस्ताव मांडला आणि आग लागली. धार्मिक उजव्यांची फळी उभी करण्यात ज्याचा मोठा हात होता तो पॉल वायरिक नंतर उघडपणे सांगायचा की लोकांना जागं केलं ते ह्या शाळांच्या प्रकरणाने. काही इतिहासकार म्हणतात हे जरा एकांगी आहे, गावपातळीवर गर्भपाताबद्दलची अस्वस्थता आधीपासून वाढत होतीच, आणि असेल तसंही. पण शाळांच्या टॅक्स सवलतीवर देशभर मतं मागता येत नाहीत आणि न जन्मलेल्या बाळावर येतात, एवढं न कळण्याइतके ते नेते कच्चे नव्हते. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल ह्या बाप्टिस्ट पाद्र्याने मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली.

आणि मग १९८०. ह्या निवडणुकीएवढा स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही करता येणार नाही. एका बाजूला जिमी कार्टर, सदर्न बाप्टिस्ट, आपण 'बॉर्न अगेन', म्हणजे ख्रिस्तावरच्या श्रद्धेने नव्याने जन्मलेले आहोत असं उघड सांगणारा, एकाच बायकोबरोबर आयुष्यभर संसार करणारा, रविवारच्या शाळेत मुलाबाळांना आणि मोठ्यांना बायबल शिकवणारा, प्रेसिडेंट असताना वॉशिंग्टनच्या चर्चमध्ये आणि नंतर वयाच्या नव्वदीतही जॉर्जियातल्या प्लेन्स गावच्या चर्चमध्ये शिकवत होता, लोक लांबून ऐकायला येऊन रांगा लावायचे. दुसऱ्या बाजूला रोनाल्ड रेगन, हॉलिवूडचा नट, घटस्फोट घेतलेला (अमेरिकेचा पहिला घटस्फोटित प्रेसिडेंट), चर्चला क्वचित जाणारा, आणि कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही करणारा. धार्मिक मतदाराने धर्म बघून मत द्यायचं तर कार्टर बिनविरोध निवडून यायला हवा होता. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो इव्हँजेलिकल पाद्री जमले होते, रेगन तिथे गेला आणि म्हणाला, मला माहितीय तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही, पण मी तुम्हाला पाठिंबा जाहीर करतो. सभागृह खलास. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते कार्टरच्या नशिबी आलं, त्याचेच लोक त्याला सोडून गेले. आणि त्या लोकांना पुढच्या आठ वर्षांत मिळालं काय? शाळेत प्रार्थना परत आणणारी घटनादुरुस्ती झाली नाही, गर्भपातबंदीची झाली नाही, सुप्रीम कोर्टावर सँड्रा डे ओकॉनर आणि अँथनी केनेडी बसवले त्यांनीच १९९२ मध्ये रो निकालाचा गाभा वाचवला. बॉब जोन्सचं प्रकरणही १९८३ मध्ये ८ विरुद्ध १ ने शाळेच्या विरोधात गेलं. गरज सरो नि वैद्य मरो. पाद्र्यांनी मात्र धडा असा घेतला की माणूस चांगला बघू नका, पुढच्या वेळी करार पक्का लिहून घ्या.

म्हणून ट्रम्पचं आश्चर्य वाटणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. तीन लग्नं, कॅसिनो, १९९९ मध्ये टीव्हीवर आपण गर्भपाताच्या हक्काच्या पूर्ण बाजूचे आहोत असं सांगितलेलं, २०१६ मध्ये लिबर्टी युनिव्हर्सिटीत (फॉलवेलनेच काढलेली) बायबलमधल्या एका पत्राचं नाव असं उच्चारलं की पोरं हसली. तरी एक्झिट पोलप्रमाणे गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास त्याच्याबरोबर गेले, २०१६ लाही आणि २०२४ लाही. कारण ह्यावेळी करार लेखी होता. निवडणुकीआधीच त्याने सुप्रीम कोर्टासाठी कोणाकोणाला नेमणार त्यांची यादी छापून दिली, असं आधी कुठल्या उमेदवाराने केलेलं नव्हतं. तीन जज नेमले, आणि २४ जून २०२२ ला रो निकाल गेला. कार्टर देऊ शकला नाही, रेगनने दिलं नाही, भाविक धाकट्या बुशने दिलं नाही (तोच बुश, ज्याने आयोवाच्या डिबेटमध्ये आवडता तत्त्वज्ञ म्हणून येशूचं नाव घेतलं होतं), ते ट्रम्पने दिलं. व्यवहार म्हणून बघाल तर मतदाराने चोख केला. आणि जाता जाता, ट्रम्पचं कुटुंब न्यूयॉर्कमध्ये ज्या चर्चला जायचं तिथले पाद्री कोण होते तर हेच नॉर्मन व्हिन्सेंट पील, ट्रम्पचं पहिलं लग्नही १९७७ मध्ये त्यांनीच लावलं. केनेडीवर पोपचा दबाव येईल म्हणून झोप उडालेले पील!

आता इथे मला कोणी अडवेल आणि अडवायलाच पाहिजे, की मार्टिन ल्यूथर किंगचं काय? तो तर पाद्रीच होता. गुलामगिरीविरुद्धची चळवळ चर्चमधून उभी राहिली, काळ्यांच्या हक्कांची लढाई चर्चमधून चालली, मोर्चे तिथून निघाले, पैसे तिथे जमले, बर्मिंगहॅममध्ये १९६३ मध्ये बॉम्बही चर्चमध्येच टाकला आणि चार मुली मारल्या. आज जॉर्जियाचा सिनेटर राफाएल वॉर्नॉक किंगच्याच एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचा पाद्री आहे आणि डेमोक्रॅट उमेदवार निवडणुकीच्या आधीच्या रविवारी काळ्यांच्या चर्चमध्ये हजेरी लावतात हे काही गुपित नाही. तेव्हा धर्म राजकारणात नकोच असं म्हणणारा माणूस एकतर किंगला विसरलाय नाहीतर सोयीने बोलतोय. मी तसं म्हणत नाही. पण फरक आहे आणि तो मोठा आहे. किंग सत्तेकडे मागायला गेला, सत्तेत बसायला नाही, आणि त्याने केनेडी आणि जॉन्सन दोघांनाही सुखाने झोपू दिलं नाही. व्हिएतनामवर बोलला तेव्हा तर ज्याने सिव्हिल राइट्सचा कायदा आणला त्याच जॉन्सनशी त्याचं फाटलं. पाद्र्याची किंमत इथे आहे, आपल्या बाजूच्या प्रेसिडेंटला नाही म्हणण्यात. ओव्हल ऑफिसमध्ये ट्रम्पच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटून प्रार्थना करतानाचे पाद्र्यांचे फोटो बघा आणि त्यातल्या कोणी नंतर बाहेर येऊन त्याचं एखादं धोरण चुकलं असं जाहीर सांगितलंय का ते आठवून बघा. लिंकन कुठल्याच चर्चचा सभासद नव्हता, पण १८६५ च्या भाषणात तो म्हणाला की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात. युद्ध जिंकत आलेला माणूस हे बोलतो! आजचा जिंकणारा म्हणतो देवाने मला गोळीतून वाचवलं ते देश परत महान करायला.

चर्चचा घाटा झाला म्हणालो तो असा. प्यू रिसर्चच्या मोठ्या सर्व्हेत २००७ मध्ये ७८ टक्के अमेरिकन स्वतःला ख्रिश्चन म्हणत होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. कुठलाच धर्म नाही म्हणणारे १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. गॅलपने १९३० च्या दशकापासून चर्चच्या सभासदत्वाचा प्रश्न विचारलाय, २०२० मध्ये पहिल्यांदा तो आकडा निम्म्याच्या खाली आला. याला शहरीकरण, इंटरनेट, चर्चमधले लैंगिक अत्याचार अशी पुष्कळ कारणं आहेत, पण बर्कलीच्या मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या दोघा समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच दाखवलं होतं की १९९० च्या दशकात धर्म नाही म्हणणारे वाढले ते मुख्यतः राजकारणाने मधले किंवा डावे असलेले लोक, त्यातल्या बऱ्याच जणांचा देवावर विश्वास शाबूत होता, त्यांना फक्त धार्मिक उजव्यांच्या रांगेत मोजलं जायला नको होतं. देवाशी भांडण नाही, पार्टीशी आहे, आणि चर्च आणि पार्टी एकच दिसायला लागली म्हणून दोन्ही सोडलं. डॅनबरीच्या बाप्टिस्टांना हीच भीती होती ना?

आपल्या लोकांचा ह्यात संबंध येतो आणि तो दिवसेंदिवस वाढतोय. बॉबी जिंदाल कॅथलिक झाला, निकी हेली शीख घरातून ख्रिश्चन झाली, दोघं गव्हर्नर झाले. विवेक रामस्वामी हिंदू राहून प्रेसिडेंटपदासाठी उभा राहिला तर आयोवात त्याला मतदारांना समजावत बसावं लागलं की आपली मूल्यं तुमच्यासारखीच आहेत. आपले बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसमध्ये पोचले, हिंदू म्हणून उघड वावरतात, पण ती एका शहरी मतदारसंघाची जागा झाली, प्रेसिडेंटपद वेगळं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइस प्रेसिडेंट जेडी व्हान्सने मिसिसिपीत भर सभेत सांगितलं की हिंदू घरात वाढलेल्या आपल्या बायकोनेही कधीतरी ख्रिस्ताचा मार्ग धरावा अशी इच्छा आहे. नवरा-बायकोमधली गोष्ट आहे, घरात बोलावी, मला त्यात पडायचं नाही. पण ती स्टेजवर कशासाठी? समोरच्या मतदाराला हिशोब द्यायचा असतो म्हणून. केनेडीला आपला धर्म मध्ये येणार नाही हे सांगावं लागलं, व्हान्सला घरातला दुसरा धर्म टिकणार नाही असं सुचवावं लागतंय.

आणि टेक्सास. तिथे २०२५ मध्ये कायदा झाला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायच्या, किमान १६ बाय २० इंचाचं पोस्टर, लांबून वाचता येईल असं. कोर्टात भांडणं चालू आहेत. मजकूर प्रोटेस्टंट वळणाचा आहे, कॅथलिक आणि ज्यू लोक ह्या आज्ञा वेगळ्या मोजतात, तेव्हा कोणाच्या दहा हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो (१८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेत कुठलं बायबल वाचायचं यावरून दंगल होऊन चर्चं जाळली होती, माणसं मेली होती, ख्रिश्चनांची ख्रिश्चनांशी). त्या दहांत एक आज्ञा आहे मूर्ती घडवू नका. फ्रिस्को, प्लेनोकडे मराठी वस्ती बरीच आहे, तिथलं पोरगं शनिवारी मंडळाच्या वर्कशॉपला शाडूचा गणपती करणार आणि सोमवारी वर्गात भिंतीवर हे वाचणार. शुगर लँडला देवळात ९० फुटी हनुमान उभा राहिला तेव्हा काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आपण बघितलंच. तिथले काही आपले लोक मला विचाराल तर अजब वागतात, तिकडे भिंत पाहिजे म्हणून एसीएलयू ह्या नागरी हक्कांच्या संस्थेच्या केसला शुभेच्छा देतात आणि इकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भिंत पाडा म्हणून फॉरवर्ड करतात. अल्पसंख्य झालं की भिंतीची किंमत कळते हे खरं, पण विमानात बसल्यावर ती विसरायची कशी, ते त्यांनाच विचारायला हवं.

सध्या मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते भाषण नाही, शपथ नाही, पोस्टरही नाही, टॅक्सचा एक रटाळ नियम आहे. १९५४ मध्ये लिंडन जॉन्सनने, तेव्हा तो सिनेटर होता, करसवलत घेणाऱ्या संस्थांनी निवडणुकीत कुठल्या उमेदवाराचा प्रचार करायचा नाही अशी दुरुस्ती घुसवली. हेतू काही थोर नव्हता, टेक्सासमधल्या विरोधकांच्या संस्था त्याला त्रास देत होत्या. पण चर्च, देऊळ, मशीद, गुरुद्वारा सगळ्यांना तो लागू झाला आणि रेगनला डॅलसमध्ये ते वाक्य फिरवून बोलावं लागलं ते याच नियमामुळे. जुलै २०२५ मध्ये टॅक्स खात्याने एका केसमध्ये कोर्टाला लेखी सांगितलं की पाद्री चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी आपल्या भाविकांशी उमेदवाराबद्दल बोलला तर तो ह्या नियमाचा भंग नाही, घरातल्या बोलण्यासारखंच ते. म्हणजे देणगीवर टॅक्स सवलतही घ्या आणि व्यासपीठावरून मत कोणाला द्यायचं तेही सांगा. उद्या न्यू जर्सीतल्या देवळाच्या कमिटीतही हेच सुरू होईल, एक ट्रस्टी एका पार्टीचा, दुसरा दुसऱ्या पार्टीचा, आरतीनंतर माइक कोणाच्या हातात यावर मारामारी, आणि मोठा देणगीदार कोणाचा त्यावर देवाचा कौल ठरणार. नियम ज्याने आणला तो धुतल्या तांदळाचा नव्हता, कबूल, पण राहायला हवा, आणि तो राहावा म्हणून कोर्टात सगळ्यात आधी उभं राहायला हवं ते बाप्टिस्टांनी. डॅनबरीवाल्यांचे वारस तेच.